आखाडातलं ट्रेनिंग

“काय काम हाय?” मामंजींनी विचारलं.

प्रश्न ह्यांना होता. आमचं लग्न होऊन एकवीस दिवस झाले होते आणि जेवता जेवता ह्यांनी धीर करून, नजर भाकरीवर ठेवून, “बेंगलोरला जाऊन यावं म्हणतोय, दोन-तीन दिवस,” असं एक वाक्य टाकलं होतं. ते वाक्य मी त्यांच्याकडून दोन दिवस घोकून घेतलं होतं. पुढचं घोकून घ्यायचं राहिलं.

“काम असं काही नाही,” हे म्हणाले.

“मग कशाला जायचं?”

झालं. मामंजींनी ताकाची वाटी तोंडाला लावली, आत्याबाईंनी मला न विचारता ताटात भात वाढला आणि माझं बेंगलोर त्या भाताखाली गाडलं गेलं.

मामंजी म्हणजे माझे सासरे आणि आत्याबाई म्हणजे सासूबाई. आमच्या गडहिंग्लजकडं असंच म्हणतात. खाली शेतीपंपांचं दुकान, वर तीन खोल्या. त्या घराचा नियम एकच, कामाशिवाय कुणी कुठं जायचं नाही. मामंजी जन्मात दोनदा पुण्याला गेले, दोन्ही वेळा पंप बघायला. आत्याबाईंचं माहेर हुक्केरीला, अगदी जवळ. पण तिथंही कुणी अंथरूण धरल्याशिवाय त्यांचं जाणं होत नसे. हनिमून हा शब्द मी त्या घरात काढला असता तर मामंजींनी तो किती हॉर्सपॉवरचा असतो असं विचारलं असतं.

आज मला हसू येतं, पण शहाऐंशी सालच्या त्या दुपारी रडायला येत होतं. एकवीस दिवसांत मी माझ्या नवऱ्याशी सलग दहा वाक्यं बोलले नव्हते. लग्नाला आलेली ह्यांची हुक्केरीची मावशी मधल्या खोलीत ठाण मांडून होती, आणि तिची झोप अशी की पलीकडं कुणी कूस बदलली तरी ती “कोण हाय?” म्हणायची. जयसिंग नावाचा हा माणूस कशाला हसतो, कशाला चिडतो, त्याला भात आवडतो की भाकरी, मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. जन्म काढायचा होता त्याच्याबरोबर! मला फक्त तीन दिवस पाहिजे होते, मावशीशिवायचे, पंपाशिवायचे. बेंगलोर अशासाठी की तिथं आमच्या ओळखीचं एकसुद्धा माणूस नव्हतं.

त्यात आखाड लागायला आला. आमच्याकडं लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात नव्या नवरीला माहेरी धाडतात. महिनाभर सासू-सुनेनं एकमेकींचं तोंड बघायचं नाही. बघितलं तर पुढं पटत नाही म्हणतात. नवऱ्यानंही सासुरवाडीचा उंबरा चढायचा नाही. म्हणजे एकवीस दिवस मावशी, आणि ती जाणार तोवर आखाड. दुसऱ्या दिवशी माझा भाऊ मला आजऱ्याला न्यायला यायचा होता.

त्या संध्याकाळी मी ह्यांना जिन्यात गाठलं. जिना ही त्या घरातली एकच जागा, जिथं दोन माणसं चार वाक्यं बोलू शकायची.

“उद्या मी चालले.”

“माहीत आहे.”

“महिनाभर.”

“हूं.”

“काय वाटतं तुम्हाला?”

ह्यांनी वरती बघितलं, खाली बघितलं, मग म्हणाले, “वाईट वाटतं.”

बास. तेवढ्यावर मी त्या माणसावर बेहद्द खूश झाले.

“मग ऐका,” मी म्हटलं. “महिनाभर मी कुठं असणार?”

“आजऱ्याला.”

“तिथं मला बघायला तुमच्या घरातलं कोण येणार?”

“कोण येणार? आखाडात कुणी येत नाही...” एवढं बोलून हे थांबले. डोळे हळूहळू मोठे झाले. “आणि मी? मी काय सांगू?”

“तुमच्या घरात काम लागतं ना? काम मी काढते. दुकानातला पंपाच्या कंपनीचा एक कोरा कागद द्या मला. वर नाव छापलेला.”

“कशाला?”

“आता तुम्ही नका सुरू करू,” मी म्हटलं.

बेत मी आधीच करून ठेवला होता. माझी एक मैत्रीण नर्सिंग शिकायला दोन वर्षं बेंगलोरला राहून आली होती, तिच्याकडून मी सगळं खोदून खोदून विचारून घेतलं होतं. उरलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा घरात पडून होता. त्यातल्या एका पत्रिकेच्या कोऱ्या बाजूला, माझ्या सुरेख अक्षरात, मी तीन दिवस मांडले होते. जायला संकेश्वरहून रात्रीची गाडी. उतरायचं कुठल्या लॉजवर. पहिला दिवस: दुमजली बस, वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढं बसणे, विधानसौध बाहेरून. दुसरा दिवस: सकाळी नऊ वाजता स्टँडजवळच्या हॉटेलात मसाला डोसा, मग लालबाग. लालबागेच्या पुढं मी लिहिलं होतं, “बसून राहणे. काही न करणे.” ते लिहिताना मला केवढी मजा वाटली होती! तिसरा दिवस: फोटो स्टुडिओ, रेशमाची दुकानं, परत.

लिहून होतंय तोवर आत्याबाईंची पावलं वाजली होती आणि मी घाईघाईनं ती पत्रिका फळीवरच्या कुरडयांच्या डब्यात कोंबली होती. आजऱ्याला आमच्या घरी कुरडयांचा डबा श्रावणाशिवाय उघडत नाही. म्हटलं, इतकी सुरक्षित जागा बँकेतसुद्धा मिळायची नाही. दुसऱ्या दिवशी भाऊ सकाळीच हजर झाला. डबा वरच्या फळीवर, फळीखाली आत्याबाई चहा करायला उभ्या. राहू दे तिथंच, मी म्हटलं. बेत माझ्या डोक्यात पाठ होता.

निघताना आत्याबाईंनी ओटी भरली आणि म्हणाल्या, “आता महिनाभर माझं तोंड बघू नगंस. गाडीतनंसुद्धा मागं वळू नगंस.”

मी वळले नाही. सुनेनं ऐकावं तर असं.

आजऱ्याला पोचल्यावर दोन दिवसांनी मी आईला सगळं खरं सांगून टाकलं. आईनं आधी कपाळावर हात मारला. “अगं आखाडात? नवऱ्याबरोबर? लोकं शेण घालतील तोंडात! सासूला कळलं तर म्हणंल, आईनं हेच वळण लावलं.”

“कसं कळेल?”

आई बराच वेळ शेंगा फोडत बसली. मग म्हणाली, “सासूचं तोंड बघू नये, एवढं माझ्या आईनं मला सांगितलं होतं. नवऱ्याचं काही सांगितल्याचं आठवत नाही.” आणखी दोन शेंगा फोडून झाल्यावर म्हणाली, “दादांना,” म्हणजे माझ्या वडलांना, “मी सांगते, पोरगी तिच्या नणंदेकडं बेळगावला गेलीया म्हणून. आणि दशम्या बांधून देते. कानडी मुलखात काय मिळतंय न मिळतंय.”

आता उरलं काम. आजऱ्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मी लग्नाआधी वर्षभर बोटं बडवली होती, तिथल्या बाईंनी मला पुन्हा मशीनवर बसू दिलं. कंपनीच्या त्या कोऱ्या कागदावर मी इंग्रजीतून झकास पत्र ठोकलं. आमच्या मान्यवर विक्रेत्यांसाठी पुण्यात तीन दिवसांचं ट्रेनिंग ठेवण्यात येत आहे, श्री. जयसिंग देसाई यांनी न चुकता यावे. खाली साहेबाची सही माझ्या डाव्या हातानं केली. पाकिटावर दुकानाचा पत्ता, आजऱ्याच्या स्टँडवरची लाल पेटी, आणि पेटीला दोन्ही हात जोडून नमस्कार.

पुढचं मला ह्यांनी नंतर सांगितलं. मामंजींनी पत्र दोनदा वाचलं. पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. मग चष्मा काढून विचारलं, “तीन दिवस?”

“हो.”

“जा. काम हाय म्हटल्यावर जायलाच पाहिजे.”

असं आमचं काम झालं. ठरल्या संध्याकाळी मी आजऱ्याहून संकेश्वरला उतरले, हे गडहिंग्लजहून आले. स्टँडवर आम्ही एकमेकांपासून दहा पावलं लांब, अनोळखी असल्यासारखे उभे राहिलो आणि बेंगलोरची गाडी लागल्यावर शेजारी शेजारी बसलो. गाडी सुटली तशी ह्यांनी रुमालानं घाम पुसला. थंडगार वारं सुटलं होतं बाहेर!

पहिला दिवस बेताबरहुकूम गेला. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची जागा मिळाली. बस वळली आणि काय बघते, तर आमचे हे दोन्ही हात पुढं करून स्टिअरिंग फिरवतायत. आधी हळूच, मग चांगले जोरात. एका चौकात तोंडानं हॉर्न वाजवला.

“हे काय?” मी विचारलं.

“मला एसटीचा ड्रायव्हर व्हायचं होतं,” हे म्हणाले. “कुणाला सांगू नकोस.”

मग सुरू झाले ते थांबेनात. कुठल्या घाटात कुठला गिअर, कुठल्या डेपोच्या गाड्या चांगल्या, शाळा बुडवून संकेश्वरपर्यंत कंडक्टरशेजारी उभं राहून कसे जायचे, सगळं सांगितलं. आम्ही त्या बसमधून टोकापासून टोकापर्यंत तीन फेऱ्या मारल्या. मी हसून हसून थकले. एकवीस दिवस ज्याच्या तोंडातून “हूं” च्या पलीकडं काही निघत नव्हतं, तो हाच माणूस! मला माझा नवरा आवडला. आता हे काय बोलणं झालं, पण लग्न आईवडलांनी ठरवलेलं, आवडला की नाही हे कुणी विचारलं नव्हतं. ते मला त्या बसमध्ये कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही डोसा खायला गेलो. हॉटेलात लाकडी बाकं होती, उंच पाठीची, पाठीला पाठ लावून मांडलेली. मागच्या बाकावर कोण बसलंय ते दिसायचं नाही, आवाज तेवढा यायचा. वेटर आला आणि घडाघडा कानडी बोलून गेला. आत्याबाईंचं माहेर कानडी मुलखातलं, पण घरात मामंजींना कानडी चालत नसे, म्हणून ह्यांचं कानडी ‘होगु’ आणि ‘बा’, म्हणजे जा आणि ये, ह्याच्या पुढं गेलेलं नव्हतं. मी बोटं दाखवून दोन डोसे मागितले. तो आला इडल्या घेऊन.

“चालतंय,” हे म्हणाले. “खाऊया.”

“चालतंय काय? बेतात डोसा आहे.”

तेवढ्यात मागच्या बाकावरून बायकी आवाजात कानडीचा पट्टा सुटला. त्या वेटरची अशी काही हजेरी घेतली की तो पळत आत गेला. मला वाटलं, वा, बाई असावी तर अशी. मग तोच आवाज मराठीत म्हणाला, “अहो, चटणी सांडू नगा अंगावर. तेवढा एकच शर्ट बरा आणलाय.”

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे पांढरेफटक. दोघांनाही वाटलं, भास असेल. तेवढ्यात दुसरा आवाज आला, जाड, सावकाश.

“एवढ्या लांब येऊन डोसा खायचा. काय काम हाय?”

उभ्या जगात हे वाक्य असं बोलणारा दुसरा माणूस नव्हता.

हे टेबलाखाली शिरायच्या बेतात होते. मी त्यांचा हात घट्ट धरला, आणि त्या झटक्यात माझ्या हातातला हिरवा चुडा खळ्ळकन वाजला. आत्याबाईंनी स्वतः निवडून भरलेला चुडा. मागं एकदम चिडीचूप झालं. चमचासुद्धा वाजेना.

आता काय होणार ते मला लख्ख दिसत होतं. आत्ता ह्या उठून पुढं येतील. चारचौघांत आखाड मोडल्याचं, खोटं बोलल्याचं, वळण नसल्याचं ऐकावं लागेल. आजऱ्याला निरोप जाईल. दादांच्या मानेचं काय होईल? आणि ह्यांच्याशी कालच कुठं ओळख झाली होती माझी. आता तोंडावर पुन्हा “हूं”चं कुलूप बसेल, बहुतेक जन्मभर. देवा रे, मी म्हटलं, हा एक दिवस तरी पुरा करू द्यायचा होतास!

“अहो,” आत्याबाईंचा आवाज आला, एकेक शब्द जपून टाकलेला. “मागं वळू नगा. मागं आपल्याकडची माणसं बसल्यात.”

“कोण माणसं?”

“कोण ते मला काय ठावं? मी बघितलंय व्हय? आखाड चाललाय.”

मामंजी खाकरले. बराच वेळ खाकरले.

मी सांबाराच्या वाटीत बघून म्हटलं, “आम्हीपण कुणाला बघितलं नाही.”

“बरं केलंसा,” मागून आलं. “आखाडात बघूच नये.”

मग मामंजींना राहवलं नसावं.

“पुण्यात पाऊस काय म्हणतोय?”

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनीच म्हटलं, द्या उत्तर.

“आहे... बारीक बारीक,” हे म्हणाले.

“ट्रेनिंग?”

“चाललंय.”

“काय शिकवलं?”

हे विचारात पडले. “पंप,” म्हणाले.

“बरं,” मामंजी म्हणाले.

तेवढ्यात आत्याबाईंनी कारभार हातात घेतला. “आता आम्ही लालबागंत जाणार. कुणाला दुसरीकडं जायचं असलं तर त्यांनी खुशाल जावं.”

म्हणजे आम्ही लालबाग सोडायची! एवढं सगळं करून? माझी जीभ कुठून आली कोण जाणे.

“आमच्याही बेतात लालबागच आहे,” मी म्हटलं.

“ठावं हाय,” आत्याबाई म्हणाल्या, आणि चटकन गप्प झाल्या.

ठावं हाय? ते कसं? पण विचारायचं कुणाला, मी तर कुणाशी बोलतच नव्हते.

“मग वाटणी करू,” त्या पुन्हा म्हणाल्या, बांधावरच्या भाऊबंदाशी बोलावं तशा. “तळ्याकडची बाजू आमची. काचंच्या बंगल्याकडची तुमची. कबूल?”

“कबूल.”

“आता आम्ही उठतो. तोंडं भिंतीकडं करा.”

आम्ही दोघांनी भिंतीकडं तोंडं केली. भिंतीवर एका वखारीचं कॅलेंडर होतं, अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मागून बाक सरकलं, मामंजींच्या कोल्हापुरी चपला करकरत गेल्या. आत्याबाईंची पावलं आमच्या टेबलापाशी क्षणभर थांबली. मी डोळे गच्च मिटले. मग गल्ल्यापाशी पुन्हा काहीतरी कानडी झालं आणि त्या गेल्या. दोन मिनिटांनी वेटर आला, न मागितलेले दोन मसाला डोसे घेऊन. त्यांच्यापाठोपाठ केशरी शिऱ्याच्या दोन बशा. माझ्या बशीतल्या शिऱ्यात काजू जास्त होते.

लालबागेत आम्ही काचेच्या बंगल्याकडं गेलो. हद्द पाळायची असं ठरवलं होतं, पण मला राहवेना. “लांबून बघून येते,” म्हटलं आणि झाडाआडून तळ्याच्या बाजूला डोकावले. बाकावर दोन पाठमोरी माणसं होती. मामंजींनी छत्री धरली होती, पाऊस नसतानाच. आत्याबाई नुसत्या बसल्या होत्या. हात मांडीवर, आणि हातात काही नाही. निवडायची डाळ नाही, सूप नाही, उसवलेलं काही नाही. एकवीस दिवसांत मी त्या बाईला रिकाम्या हातानं बसलेलं पाहिलं नव्हतं. मामंजी काहीतरी म्हणाले आणि आत्याबाईंचे खांदे गदगदा हलले. माझी सासू हसते हे मला तिच्या पाठीवरून कळलं.

मला भरून आलं. का ते तेव्हा कळलं नाही, भीती होती म्हणून असेल. मी गुपचूप परत फिरले.

तिसऱ्या दिवशी आम्ही फोटो काढला. त्यात हे घाबरलेले दिसतात आणि मी रागावलेली. दोघंही एकच विचार करत होतो, श्रावणाचा. तोंड न बघायचा करार आखाडापुरता होता. आखाड संपल्यावर तोंड बघायचं, आणि मग त्या तोंडातून काय निघेल?

आजऱ्याला उरलेले दिवस मी नीट जेवले नाही. आईला एवढंच सांगितलं, “बेंगलोर चांगलं आहे, गर्दी फार.” कुणाची गर्दी ते सांगितलं नाही.

श्रावण लागला तसा भावानं मला गडहिंग्लजला आणून सोडलं. आत्याबाई भाकरतुकडा घेऊन दारात. शेजारच्या चारजणी बघायला उभ्या. माझ्यावरून तुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं, आणि मग त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. बघतच राहिल्या. मी खाली मान घातली.

“वाळलीस गं,” त्या म्हणाल्या.

“प्रवास झाला.”

“आजऱ्याहून?”

“हो.”

“व्हय बाई,” आत्याबाई शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “आजरा लई लांब हाय.”

आत आल्यावर मी वाट बघत राहिले, आत्ता बोलतील, मग बोलतील. दुपार गेली. चहा झाला. मावशी कधीच गेली होती, मधली खोली रिकामी. संध्याकाळी त्यांनी चुलीवर कढई ठेवली. मामंजी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, हे खाली दुकानात होते, वर यायला धजावत नव्हते.

“फळीवरचा कुरडयांचा डबा काढ,” त्या म्हणाल्या.

मी टाचा उंचावून तो खाली घेतला. डबा हलका लागला. झाकण काढलं तर अर्ध्याअधिक कुरडया संपलेल्या.

“आमच्यात आखाड तळतात,” आत्याबाई कढईकडं बघत म्हणाल्या. “तुमच्या आजऱ्याला न्हाई वाटतं तळत.”

डब्याच्या तळाशी आमची लग्नपत्रिका होती. मी ती उलटी केली. माझं सुरेख अक्षर, आणि शेजारी पेन्सिलीनं काढलेले मोठाले आकडे. माझ्या पहिल्या दिवसापुढं तीन. तिसऱ्या दिवसापुढं एक. दुसऱ्या दिवसापुढं दोन. आणि लालबागेच्या ओळीत “काही न करणे” ह्याच्याखाली पेन्सिलीची रेघ ओढलेली, एकदा नाही, दोनदा, कागद फाटेल इतकी दाबून.

मी त्या दोनच्या आकड्याकडं बघितलं आणि मला सगळं उमगलं. आधी ओठ चावले, मग पदर तोंडात घातला, पण हसू काही थांबेना.

“हसतीस काय?” आत्याबाई झारा उगारून म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र चिडलेला नव्हता, खरोखरच कोड्यात पडलेला होता. “जयसिंग घरात न्हाई असे दिवस तेवढेच, म्हणून आमीबी तवाच निघालो. तुमी गाडीनं, म्हणून आमी घटप्रभेहून रेल्वेनं. तुमचं लॉज सोडून दुसरं लॉज. पोरांच्या मधी मधी नको म्हणून सगळा बेत उलटा केला. तुमचा पहिला तो आमचा शेवटचा, तुमचा शेवटचा तो आमचा पहिला. एवढी खबरदारी घिऊन गाठ पडलीच कशी, ते मला अजून कळलं न्हाई.”

“आत्याबाई,” मी म्हटलं, “तीन दिवस उलटे केले तरी मधला मधेच राहतो.”

त्यांनी झारा खाली ठेवला. बोटं धरली. एकदा मोजलं, पुन्हा उलटीकडून मोजलं. मग हात कपाळावर मारून घेतला आणि चुलीपुढं फतकल मारून अशा हसल्या, अशा हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. ह्या वेळी मी त्यांचं तोंड बघत होते.

“बत्तीस वर्षं झाली गं लग्नाला,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “कुनी विचारलं न्हाई, मीबी मागितलं न्हाई. तुझा कागद वाचला आणि वाटलं, न करायलासुद्धा बेत करावा लागतोय व्हय? मग आपनबी करू.” कढईतली कुरडई उलटवून त्यांनी आवाज बारीक केला. “पुढल्या साली चार दिवसांचा बेत कर. म्हंजे उलटा केला तरी गाठ पडायची न्हाई.”

“कशाचे चार दिवस?” बाहेरून मामंजींचा आवाज आला.

आता ‘काय काम हाय?’ येणार म्हणून मी उत्तर जुळवायला लागले. पेपरचं पान उलटल्याचा आवाज झाला.

“कंपनीचं पत्र येऊ दे म्हणावं तसं,” मामंजी म्हणाले. “फक्त ह्या खेपेला पुण्यातनं टाका. मागल्यावर आजऱ्याचा शिक्का होता.”